मदत हवी आहे: मोती गुरगुरतोय, ट्रेनर बोलवावा का?
नमस्कार मंडळी. आमचा मोती रस्त्यावरून आणलेला देशी कुत्रा, आता २ वर्षांचा. चपला कुरतडणं, बेल वाजली की भुंकणं हे आम्ही घरीच निस्तरलं. पण महिनाभरापासून जेवताना कुणी जवळ गेलं की अंग ताठ करून गुरगुरतो. परवा मुलीच्या हातावर दात टेकवले. रक्त नाही आलं, पण माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी कान, दात, सांधे तपासले; दुखणं काही नाही. सासरे म्हणतात, दोन रट्टे द्या. मला नाही पटत, गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. सध्या त्याला वेगळ्या खोलीत वाढतो.

ठाण्यात घरी येऊन, मारझोड न करता शिकवणारं कुणी माहीत आहे का? पहिल्या भेटीत त्यांना काय विचारू?