जुन्या घरात सापडलेल्या तीन वस्तू कशासाठी वापरत असत?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

जिंतूर तालुक्यातील आमच्या माळवदाच्या घराची दुरुस्ती काढली असता धान्याच्या खोलीतून तीन वस्तू निघाल्या, आणि त्यांचा उपयोग सांगू शकेल असे घरात आता कोणी उरलेले नाही. पहिली वस्तू लाकडी असून तिच्या दोन चपट्या पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींत बसवलेल्या आहेत. या पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत ११ इंच भरतात, मधल्या छिद्रातून सव्वा फुटाची काठी आरपार जाते आणि काठीच्या वरच्या टोकाला तिरपी खाच आहे. दुसरे एक खोलगट लाकडी भांडे आहे, ज्याच्या तळाला तीन भोके आहेत. तिसरे पितळी, उभट माप असून त्याच्या काठाजवळ उर्दू अक्षरांचा ठसा दिसतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (वसमत)

ताई, दुसऱ्या वस्तूबद्दल शंकेला जागाच नाही; ते तिफणीचे, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराचे, चाडे आहे. तीन भोकांना तीन नळ्या जोडलेल्या असत आणि चाड्यात सोडलेले बी त्यांतून तिन्ही फणांमागे पडत असे. मूठ सारखी सुटली नाही तर एक ओळ दाट आणि दुसरी विरळ उगवते, म्हणून चाड्यावर मूठ धरायला सरावलेली बाईच लागे. पहिली वस्तू मला ताकाची रवी वाटते.

उत्तर (औसा)

चाड्याविषयी वरील उत्तर बरोबर आहे. रवीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. रवी डेऱ्याच्या तोंडातून आत गेली पाहिजे, आणि ११ इंचांची फुली सहज आत जाईल एवढ्या रुंद तोंडाच्या डेऱ्यात घुसळले तर निम्मे ताक अंगावर यायचे. शिवाय रवीच्या दांड्याला दोर गुंडाळून ती ओढत असल्यामुळे दांड्यावर गोल गोल घासल्याच्या खुणा पडतात. आपण काठी उन्हात आडवी धरून फिरवून पाहा, म्हणजे अशा खुणा आहेत की नाहीत ते लगेच कळेल.

माझ्या मते हा ढेरा आहे, म्हणजे अंबाडीच्या वाखाची सुतळी काढण्याचे साधन. पूर्वी खरिपात पिकाच्या कडेने अंबाडी पेरत, तिच्या पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली कुजत घालत, साल सुटू लागली की ती सोलून, आपटून, धुऊन वाळवत, आणि तयार झालेला वाख घरातली म्हातारी माणसे रिकाम्या वेळी ढेऱ्यावर कातत बसत. वाखाची बट खाचेत अडकवून ढेरा लोंबता ठेवायचा आणि फुलीला हाताने गिरकी द्यायची. फुलीच्या वजनाने तो फिरत राहतो आणि बटेला पीळ चढतो. हात-दीड हात सुतळी झाली की ती फुलीच्या पट्ट्यांवर गुंडाळायची, टोक पुन्हा खाचेत घ्यायचे आणि नवा वाख जोडत पुढे जायचे. दावी, कासरे, शिंकी, बाजेची वीण हे सारे त्यातूनच होई. पुढे नायलॉनचे दोर आले आणि हे काम मागे पडले. त्याबरोबर कुजत्या अंबाडीचा वासही गेला, ज्याची आठवण कोणी फारशा प्रेमाने काढत नाही. आपण खाच बोटाने चाचपून पाहावी, कारण वाखाने ती फार गुळगुळीत होते.

उत्तर (नांदेड)

मापाबद्दल थोडे सांगतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कारभाराची भाषा उर्दू होती, तेव्हा ठसा बहुधा त्या काळातला असावा. पण दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये आला, त्यामुळे हे भांडे त्यानंतरही बरीच वर्षे वापरात राहिले असेल. जुन्या कोष्टकात २ कोळवी म्हणजे १ चिपटे, २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर आणि ४ शेर म्हणजे १ पायली. मात्र पायली मुलखागणिक लहानमोठी असे, म्हणून केवळ लिटरमध्ये मोजून मापाचे नाव ठरत नाही. शेजारीपाजारी दुसरे जुने माप असल्यास एकात दुसरे किती वेळा मावते ते ज्वारी भरून पाहावे, आणि दोन्ही वेळा एक तर शीग लावावी किंवा दोन्ही वेळा सपाट भरावे. भांडे चिंच लावून घासू नये, नाहीतर उरलासुरला ठसाही जाईल. ठशावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल फिरवल्यास अक्षरे उमटतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. काठीवर गोल खुणा नाहीत, खाच आतून काचेसारखी गुळगुळीत आहे आणि पट्ट्यांच्या सांध्यात पिवळट तंतू अडकलेले आहेत, तेव्हा हा ढेराच म्हणायचा. कागदावर उमटलेल्या ठशातला ‘शेर’ हा शब्द एका उर्दू शिक्षकांनी वाचून दिला. बाकीची अक्षरे झिजलेली आहेत. चाड्याच्या एका भोकात लाकडी खुंटी घट्ट ठोकलेली दिसते, ती कशासाठी असावी?

उत्तर (वसमत)

खुंटी मधल्या भोकात असेल तर मधली ओळ मोकळी ठेवून दोन ओळी लांब अंतरावर पेरण्यासाठी ती बसवलेली असावी. कडेच्या भोकात असेल तर आधी भोकाभोवती तडा आहे का ते पाहावे. चाडे उकलले असल्यास ते भोक बुजवून उरलेल्या दोघांवर काम भागवले असेल.