'प्रथमफळ', पहिली पेंढी आणि पन्नासावा दिवस

प्रश्न : करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्ताला 'प्रथमफळ' म्हटलं आहे. लेवीयात कापणीच्या पहिल्या पेंढीची गोष्ट आहे आणि अनुवाद या पुस्तकात टोपलीत घालून आणायच्या पहिल्या उत्पन्नाची. हे सगळं एकच का? आमच्याकडे प्रवचनात 'प्रथमफळ म्हणजे पहिलं आणि सर्वांत उत्तम' असं सांगतात. हा अर्थ बरोबर आहे का?

उत्तर : एकच नाही. मराठीत या साऱ्यासाठी 'प्रथमफळ' किंवा 'प्रथमउपज' वापरतात, त्यामुळे वेगवेगळे विधी एकमेकांत मिसळतात. हिब्रूत दोन शब्द आहेत. 'बिक्कुरीम' म्हणजे जे आधी पिकलं ते. पहिल्या जन्मलेल्या मुलाला 'बेखोर' म्हणतात, तो याच धातूचा. दुसरा शब्द 'रेशीत', म्हणजे आरंभ. उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिलाच शब्द 'बरेशीत' आहे, त्यातला हा 'रेशीत'. लेवीय २३:१० मध्ये पेंढीसाठी हाच आहे : तुमच्या कापणीचा आरंभ अशी पेंढी याजकाकडे आणा. ग्रीक भाषांतरात तिथे 'अपार्खे' शब्द आला आणि करिंथकरांना पत्र लिहिणाऱ्या पौलाने ख्रिस्ताबद्दल नेमका तोच वापरला.

'सर्वांत उत्तम' हा अर्थ अगदी निराधार नाही. आमोस ६:६ मध्ये उंची तेलांसाठी 'रेशीत' वापरला आहे. पण करिंथकरांच्या पत्रात तो अर्थ घेतला तर पौलाचा मुद्दाच हातातून निसटतो. तिथली मंडळी ख्रिस्त उठला हे मानत होती, आणि त्यातलेच काही जण म्हणत होते की मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही. त्यांना पौल शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर देतो. पहिली पेंढी कापली गेली, म्हणजे मागे शेत पिकून उभं आहे. उरलेलं पीक नसेल तर तिला 'पहिली' कशी म्हणणार? पुढे तेविसाव्या ओवीत तो क्रमही सांगतो : आधी प्रथमफळ ख्रिस्त, मग त्याच्या येण्याच्या वेळी जे त्याचे आहेत ते. एकट्या ख्रिस्ताचं मोठेपण सांगणं एवढाच हेतू असता तर दुसरे शब्द होते. हा शब्द निवडला, कारण त्यात मागचे सगळे येतात.

म्हणून मला 'प्रथमफळ' मधल्या 'फळा'ची अडचण वाटते. फळ म्हटलं की आंबा, अंजीर डोळ्यांपुढे येतं, झाडावरून तोडलेलं एकटं फळ. इथे विषय धान्याचा आहे. परंपरेनुसार ही पेंढी सातूची, कारण वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, दिवसांत तिकडे आधी सातू तयार होतो आणि गहू मागून. तो सण ज्यात येतो त्या नीसान महिन्याचं जुनं नावच 'आबीब', म्हणजे कोवळं भरलेलं कणीस. 'ओमेर' या शब्दाचेही दोन अर्थ आहेत, पेंढी आणि धान्य मोजायचं माप. मंदिरात प्रत्यक्षात सातूचं पीठ करून ते मापाने अर्पण होत असे.

लेवीय २३:१४ ची आज्ञाही लक्षात घ्यावी. हे अर्पण होईपर्यंत नव्या धान्याची भाकर, हुरडा, कोवळी कणसं, काहीच खायचं नाही. कोकणात नवं बांधल्याशिवाय नवा तांदूळ न शिजवणाऱ्या घरांना यात काही परकं वाटणार नाही. एका पेंढीने सगळं पीक खाण्याजोगं मोकळं होतं. मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात मनाहोथ नावाचा भाग आहे, त्यात या कापणीचं वर्णन येतं. रात्र पडल्यावर कापणारा जमलेल्या लोकांना विचारतो, 'सूर्य मावळला का?' लोक म्हणतात, 'हो.' 'हा विळा?' 'हो.' 'कापू?' 'काप.' प्रत्येक प्रश्न तीन तीन वेळा. आणि अर्पण झाल्यावर यरुशलेमेच्या बाजारात नव्या धान्याचं पीठ आधीच मांडलेलं दिसे, असंही तिथे नोंदलं आहे. पौलाचा 'अपार्खे' वाचताना हा भरलेला बाजार आठवावा.

टोपलीतलं अर्पण, म्हणजे बिक्कुरीम, हा प्रकार वेगळा. शेतकरी बागेत पहिलं अंजीर, पहिला द्राक्षांचा घड, पहिलं डाळिंब पिकताना बघतो आणि त्याला लव्हाळ्याची खूण बांधून म्हणतो, हे बिक्कुरीम. पुढे बासरीच्या सुरात मिरवणूक निघते. पुढे चालणाऱ्या बैलाची शिंगं सोन्याने मढवलेली, डोक्यावर जैतुनाची माळ. तिथे 'प्रथमफळ' शब्द तंतोतंत बसतो. ख्रिस्ताच्या बाबतीत मी 'पहिली पेंढी' म्हणेन.

प्रश्न : 'पहिली पेंढी परमेश्वरासमोर ओवाळावी' असं आहे. ओवाळणं म्हणजे आरतीसारखं का?

उत्तर : नाही. मूळ शब्द 'तनुफा' आहे. मिश्नानुसार अर्पण पुढे-मागे आणि वर-खाली हलवत. 'ओवाळणे' शब्दाने गोल फिरवण्याचं चित्र येतं, पण वाहून टाकण्याचा, समोर धरण्याचा भाव त्यात आहे, त्यामुळे जुन्या भाषांतरकारांनी तो घेतला हे ठीकच केलं. 'हलवावी' म्हटलं असतं तर विधीपणच गेलं असतं.

प्रश्न : ख्रिस्ताचं पुनरुत्थान बरोबर पेंढीच्या दिवशीच झालं, असं वाचलं आहे. हे पक्कं धरावं का?

उत्तर : लेवीयात दिवस दिला आहे तो 'शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी' असा. कुठला शब्बाथ, यावरून यहुद्यांतच वाद होता. परुशी आणि बैथोसी हे यहुद्यांतले दोन पंथ. परुश्यांच्या मते हा वल्हांडणाच्या सणाचा पहिला दिवस, म्हणून पेंढी नेहमी १६ नीसानला. बैथोसी म्हणत की हा आठवड्याचा शब्बाथ, म्हणून पेंढी नेहमी रविवारी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या कालगणनेत त्या वर्षी सणाचा पहिला दिवस आणि शनिवार एकच होते, त्यामुळे दोन्ही हिशेबांनी रविवारच येतो. इतर तीन शुभवर्तमानांच्या गणनेत वधस्तंभाचा शुक्रवार हाच १५ नीसान ठरतो, मग परुश्यांच्या हिशेबाने पेंढी शनिवारी पडते. तेव्हा तारखेच्या जुळणीवर सगळी भिस्त ठेवू नये. पौल स्वतः ती जुळणी मांडत नाही.

त्याच्या डोक्यात सणांचं पंचांग होतं, हे मात्र त्या एकाच पत्रातून दिसतं. पाचव्या अध्यायात ख्रिस्त आपला वल्हांडण, आणि जुनं खमीर काढून टाका. पंधराव्यात पहिली पेंढी. सोळाव्यात तो सहज लिहून जातो की मी पन्नासाव्या दिवसापर्यंत इफिसात राहणार. त्याच अध्यायात स्तेफनाच्या घराण्याला तो अखयाचं 'अपार्खे' म्हणतो. म्हणजे त्या प्रांतातले पहिले विश्वासी, ज्यांच्या मागून बाकीचे यायचे आहेत. रोमकरांस ८:२३ मध्ये तोच शब्द आत्म्याबद्दल आहे. तिथे त्याच्या शेजारी मराठी बायबलातला 'विसार' ठेवून पाहावा, जो २ करिंथ १:२२ मध्ये येतो. विसार दिला की सौदा ठरला आणि बाकीची रक्कम येणं लागते. इतका नेमका शब्द निवडणाऱ्या भाषांतरकारांबद्दल मला फार आदर वाटतो.

प्रश्न : मग पन्नासाव्या दिवसाचा कापणीशी संबंध काय? आम्ही तर तो आत्म्याचा सण म्हणून पाळतो.

उत्तर : 'पेन्टेकॉस्ट' हा ग्रीक शब्द, अर्थ फक्त 'पन्नासावा'. पेंढीच्या दिवसापासून सात आठवडे मोजायचे, म्हणून हिब्रूत 'शावुओत', सप्ताहांचा सण. निर्गम २३:१६ मध्ये तर त्याचं नावच कापणीचा सण आहे. यावेळी गहू निघालेला असतो आणि नव्या गव्हाच्या दोन भाकरी अर्पायच्या असतात. वल्हांडणात खमीर चालत नाही, या भाकरींत मात्र ते घालायलाच सांगितलं आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात याच दिवशी नाना देशांचे यहुदी यरुशलेमेत जमले आहेत आणि सुमारे तीन हजार जण मंडळीत येतात. दुसऱ्या शतकात लियों शहराचा बिशप इरेनेयस याने हा धागा उचलला : आत्म्याने दूरच्या वंशांना एकत्र आणलं आणि सर्व राष्ट्रांची पहिली उपज पित्याला अर्पण केली. ख्रिस्ती अर्थ लावण्यात मला हे वचन सर्वांत सुंदर वाटतं, कारण ते सणाच्या मूळ कामाला धरून आहे. दोन भाकरी म्हणजे यहुदी आणि परराष्ट्रीय, खमीर म्हणजे मंडळीत उरलेलं पाप, अशी फोड अलीकडे फार ऐकू येते. नव्या करारात तिला कुठेही आधार नाही. ती शिकवण म्हणून सांगू नये.

शावुओत यहुद्यांत सीनायवर नियमशास्त्र मिळाल्याचा सण आहे, आणि त्या दिवशी रूथची गोष्ट वाचतात, जी सातूच्या हंगामात सुरू होऊन गव्हाच्या हंगामापर्यंत जाते. लेवीयातही सणाच्या आज्ञेला लागूनच सांगितलं आहे की शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. रूथ तीच कणसं वेचते. प्रवचनांत सणांना येणाऱ्या गोष्टींची 'छाया' म्हणतात, कलस्सैकरांच्या पत्रातला शब्द आहे तो. पण म्हणून सण आता रिकामा झाला, असं बोलू नये. आजही यहुदी घरांत या सात आठवड्यांत रोज रात्री ओमेर मोजला जातो, म्हणजे दिवसांची मोजणी होते.

प्रश्न : मांडवांच्या सणाचं काय? त्याला मंडळीत जोड का नाही?

उत्तर : वल्हांडणाला पुनरुत्थान दिन आणि शावुओतला पेन्टेकॉस्ट जोडला गेला, तशी या सणाला स्वतंत्र जोड मिळाली नाही हे खरं. याचं दुसरं नाव 'आसीफ', म्हणजे गोळा करून आत आणणं. धान्य, द्राक्षं, तेल, सगळं घरात आल्यावर यहुदी पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या १५ तारखेपासून सात दिवस. योहान ७ मध्ये सणाच्या शेवटच्या दिवशी येशू 'कोणी तान्हेला असेल तर माझ्याकडे यावे' असं म्हणतो. त्या सणात शिलोहाच्या तळ्यातून पाणी आणून वेदीवर ओतत, हे माहीत असलं की वाक्य उलगडतं. जखऱ्याच्या शेवटच्या अध्यायात सर्व राष्ट्रं हा सण पाळायला येतात. त्यामुळे ख्रिस्ती वाचकांनी हा सण शेवटच्या संग्रहाचा मानला. ऑलिंपसचा मेथोडियस याने पुनरुत्थानानंतरचं नवं शरीर या सणाच्या मांडवात पाहिलं.

प्रश्न : आमच्या वसईकडे ऑक्टोबरात 'आगेरा' होतो, भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. गोव्यात कणसांचं फेस्त असतं. यांना प्रथमफळाचे सण म्हणावं का?

उत्तर : म्हणावं, आणि निःशंक म्हणावं. गोव्यातल्या राय गावात ५ ऑगस्टला नव्या कणसांना आशीर्वाद देतात तेव्हा कापणी अजून व्हायची असते. तेच पहिल्या पेंढीचं काम. काही मंडळ्यांत पीक घरात आल्यावर उपकारस्तुतीचा सण करतात, धान्य, भाजी, कोंबड्या आणून लिलाव होतो. त्याला 'प्रथमफळ' लावू नये. तो संग्रहाचा सण आहे.

आणि आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांचे शब्दही टिपून ठेवा. रोश हशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, ते 'नव्याचा सण' म्हणत, आणि त्याच तिश्री महिन्यात नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करून 'खिरीचा सण' पाळत.