अप्पांचा अठ्ठाविसावा आठवडा

अप्पाकाका: सर्वांना सुप्रभात. एक विचारायचं होतं. आपल्या महाबळेश्वरच्या टाइमशेअरची, म्हणजे दरवर्षी एक आठवडा खोली वापरायच्या त्या स्कीमची, मुदत या 30 जूनला संपते. 2001 साली 25 वर्षांसाठी घेतलं होतं. आता पुढे काय? खोली आपल्या नावावर होते, की विकून पैसे येतात? काल कंपनीचा फोन होता, रिन्यू करा म्हणून. फाइलचे फोटो टाकतोय.

(7 फोटो)

बंटी: काका फोटो आडवे आलेत

अप्पाकाका: मोबाइल आडवा धर.

सुमाआत्या: अगं बाई, ते अजून चालू आहे? मला वाटलं कधीच बुडालं.

बाळकाका: दादा, 25 वर्षं पैसे भरलेत म्हटल्यावर हक्क लागणारच. कसेल त्याची जमीन!

मेघाताई: बाळकाका, कसायला आपण गेलो किती वेळा ते आधी मोजा. अप्पा, मी कोर्टात आहे, दुपारी नीट वाचून लिहिते. तोवर कोणाच्याही फोनला हो म्हणू नका.

माईकाकू: नऊ वेळा गेलो. मी मोजलंय. आणि दरवेळी जुलैचा दुसरा आठवडा! पॉइंटवर उभं राहावं तर समोर नुसती पांढरी भिंत. वेण्णा लेकची बोट बंद. बंटीचे कपडे तीन दिवस वाळले नाहीत, शेवटी इस्त्री फिरवून वाळवले. स्ट्रॉबेरी मागितली तर बरणीतला जॅम पुढे केला.

अप्पाकाका: तो आठवडा स्वस्त होता.

माईकाकू: असणारच.

मेघाताई: हं, वाचलं. अप्पा, राग मानू नका, पण तुमच्याकडे आहे ते खरेदीखत नाही. फाइलमध्ये इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) नाही, सब-रजिस्ट्रारचा शिक्का नाही, प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव असायचा प्रश्नच नाही. 100 रुपये किंवा त्यावरच्या किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, आणि हा करार साध्या स्टॅम्प पेपरवर आहे. वर 'ओनरशिप सर्टिफिकेट' असं सोनेरी अक्षरात छापलंय खरं, पण आत कलम 3 वाचा. वर्षातला अठ्ठाविसावा आठवडा, एक खोली, वापरण्याचा हक्क, 25 वर्षं. बस. आमच्या भाषेत हा परवाना. नाटकाच्या तिकिटासारखा. पडदा पडला की खुर्ची थिएटरची.

अप्पाकाका: मग 30 जूनला नेमकं काय होतं?

मेघाताई: काहीच होत नाही, हीच गंमत आहे. सही नाही, नोटीस नाही, चावी परत करायची नाही. रात्री बारा वाजता हक्क संपतो. तुमचा शेवटचा आठवडा तर गेल्या जुलैतच होऊन गेला. न वापरलेल्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत, कलम 11.

बाळकाका: म्हणजे दादाचे लाखभर रुपये पाण्यात?

माईकाकू: अक्षरशः पाण्यात, भावजी.

निनाद (न्यू जर्सी): इथे रात्र झालीये पण राहवत नाही. अप्पाकाका, तुमचं संपतंय हे नशीब समजा. आम्ही 2008 मध्ये ऑर्लंडोला डिस्ने बघायला गेलो, फुकट नाश्त्याच्या नादात चार तास प्रेझेंटेशन ऐकलं आणि सही करून उठलो. आमचं मात्र खरंखुरं खरेदीखत आहे, काउंटीत रीतसर नोंदवलेलं. आम्ही दोघं खूश, मालक झालो म्हणून. मालक झालो म्हणूनच अडकलो. त्याला मुदतच नाही. मेंटेनन्स दरवर्षी वाढतो, वर प्रॉपर्टी टॅक्स. विकायला काढलं तर ईबेवर असले आठवडे एका डॉलरला पडलेले असतात, तरी कोणी उचलत नाही.

सुमाआत्या: मग मुलाला देऊन टाक की.

निनाद (न्यू जर्सी): आत्या, तीच तर भीती आहे. आमच्यामागे ते वारसाहक्काने त्याच्याकडे जाणार. त्याला नको असेल तर लेखी नकार द्यावा लागतो. इथले वकील सांगतात, नऊ महिन्यांच्या आत द्या आणि तोवर एकदाही तिथे राहू नका, एकही बिल भरू नका. आता रिसॉर्टवाल्यांनाच खत परत घ्या म्हणून विनवतोय. फ्लोरिडात सही केल्यापासून 10 दिवसांत रद्द करता येतं. आम्हाला ते अकराव्या वर्षी कळलं.

मेघाताई: स्पेनमध्ये यावर उपाय काढला. तिथल्या 1998 च्या कायद्याने जास्तीत जास्त 50 वर्षांची मर्यादा घातली आणि 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यापुढचा बेमुदत करार बाद ठरवला. लोक मुदत मिळवायला कोर्टात गेले, आणि आपले अप्पा मुदत संपली म्हणून हळहळतायत.

अप्पाकाका: हळहळत नाहीये. विचारतोय.

सुमाआत्या: अरे थांबा, मला परवा एक फोन आला होता. ह्यांची पण तसलीच मेंबरशिप होती ना, लोणावळ्याची. एक मुलगा म्हणाला, मॅडम, चार लाखांना घ्यायला एक कॉर्पोरेट पार्टी तयार आहे, फक्त जीएसटीचे 28,500 आधी भरा. आवाज इतका सभ्य होता! उद्या बँकेत जाणार होते.

मेघाताई: आत्या!!!

बंटी: आत्या नको 🙏🙏

मेघाताई: एक पैसा भरू नका. मुदत संपत आलेली कागदं कोणी चार लाखांना घेत नाही. गिऱ्हाईक खरं असेल तर जीएसटी तुमच्याकडून आधी का मागेल? त्यांच्याकडे जुन्या सभासदांच्या याद्या असतात, त्यावरून फोन लावतात. नंबर मला पाठवा. चुकून भरलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन.

सुमाआत्या: नाही भरले गं. फक्त आधार कार्डाचा फोटो पाठवलाय.

बाळकाका: वा.

मेघाताई: आत्या, मी संध्याकाळी घरी येते. अप्पा, तुमचं. रिन्यू करायचं नाही. नवीन 10 वर्षांचा प्लॅन म्हणजे पुन्हा तेच, वर वार्षिक फीवर 18 टक्के जीएसटी. बँकेत जाऊन त्यांचं ऑटो डेबिट बंद करा, नाहीतर मुदतीनंतरही फी कापली जाईल आणि परत मिळवताना दमछाक होईल. 30 जूनपर्यंतची बाकी असेल तेवढी ते मागू शकतात, ती भरून टाका आणि काही देणं नाही असं पत्र घ्या. आणि एक चांगली बातमी. पान 6 वर बारीक अक्षरात आहे: 5,000 रुपये अनामत, मुदतीअंती विनाव्याज परत. लेखी अर्ज करा, स्पीड पोस्टाने. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जायचं असतं.

अप्पाकाका: 5,000! हे 25 वर्षांत कोणीच सांगितलं नाही. कंपनीने तर नाहीच.

मेघाताई: अर्जासोबत मूळ सर्टिफिकेट जोडायचंय, मागच्या बाजूला सही करून. ते आहे ना नीट?

अप्पाकाका: एकदम नीट. 2001 सालीच लॅमिनेट करून घेतलंय.

मेघाताई: अप्पा, मागची बाजू पण?

माईकाकू: दोन्ही बाजू. शिवाय फ्रेम केलीये. हॉलमध्ये आहे, बाबांच्या फोटोशेजारी.