विषय: मोठं अपार्टमेंट, चालत फिरता येईल असा भाग – सल्ला हवा

प्रेषक: गौरी

नमस्कार मंडळी,

उपनगरातलं बिऱ्हाड हलवून शहरात यायचं ठरवतोय. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि वर्षातले चार-सहा महिने सासू-सासरे. त्यांची इथे फार पंचाईत होते. कोणी गाडी काढल्याशिवाय दाराबाहेर पडायची सोय नाही.

दोन जागा डोळ्यासमोर आहेत, दोन्ही तीन बेडरूमच्या. पहिली जुन्या इमारतीत, १५०० चौरस फूट, ११ फूट उंच छत, वॉक स्कोअर (रोजची कामं पायी किती होतात याचे गुण) ९४. दुसरी नवीन, १२०० चौरस फूट, छत साडेआठ फूट, स्कोअर ८१. भाडं जवळजवळ सारखंच, लिफ्ट दोन्हीकडे. मन अर्थातच पहिलीकडे ओढतंय. सासू-सासरे नसतील तेव्हा एक खोली एखाद्या विद्यार्थ्याला द्यावी, असाही विचार आहे.

– गौरी

प्रेषक: सुनंदा

गौरी, १५०० म्हणजे नक्की काय काय धरलंय ते विचार. भिंती, बाल्कनी, तळघरातली सामानाची खोली, कुठे काय मोजतील नेम नाही. टेप घेऊन जा आणि प्लॅन कागदावर काढ. जुन्या इमारतींत खोल्या पुष्कळदा रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागे एक असतात. तिसऱ्या बेडरूमला जायला दुसरीतून जावं लागत असेल, तर ती बेडरूम फक्त जाहिरातीपुरती. रात्री बाथरूमला उठलेले सासरे मुलांच्या पलंगाला अडखळत जाणार का?

आणि ११ फुटी छत फोटोत छान दिसतं, पण गुणाकार करून बघ. दुसरीपेक्षा दीडपटीहून जास्त हवा हिवाळाभर तापवायची आहे. हीटिंग भाड्यात धरलेलं नसेल तर आधीच्या भाडेकरूची थंडीतली बिलं मागून घे. खिडक्या एकेरी काचेच्या आहेत का, तेही बघ.

– सुनंदाताई

प्रेषक: अजित

ताईंशी सहमत. मी घराबाहेरचं सांगतो.

वॉक स्कोअर ० ते १०० मध्ये असतो. ढोबळ हिशेब असा, की पाच मिनिटांच्या चालीत असलेल्या दुकान-शाळा-बागेला पूर्ण गुण. पुढे ते घटत जातात आणि अर्ध्या तासापलीकडे काहीच नाही. चाळणी लावायला उत्तम. पण त्या ९४ मध्ये कॅफे आणि बार भरपूर असतील आणि तुमच्या रोजच्या उपयोगाचं दुकान नसेल, असंही होऊ शकतं. चढ किती, बसायला बाक आहे का, बर्फ पडल्यावर पदपथ कोण साफ करतं, हे एका आकड्यात कुठून कळणार?

शिवाय मिनिटं कोणाची? फोनवरचे नकाशे साधारण ताशी पाच किलोमीटरच्या आसपास वेग धरतात. गुडघे सांभाळणारा माणूस साडेतीनने चालला तर दहाची चौदा-पंधरा मिनिटं होतात, आणि येताना हातात पिशवी असते. वाटेत सहा लेनचा रस्ता असेल तर तो साधारण २० मीटर रुंद. त्या वेगाने ओलांडायला वीस-एकवीस सेकंद लागतात. सिग्नलपाशी उभं राहून मोज. तेवढा वेळ मिळत नसेल, तर पलीकडची सगळी दुकानं तुझ्या सासूबाईंसाठी नसल्यातच जमा.

मी ८१ वाली जागा इतक्यात सोडणार नाही.

– अजित

प्रेषक: श्रीकांत

बार किती वाजता बंद होतो आणि कचऱ्याची गाडी पहाटे कुठे थांबते, ते बघा. दिवसा जागा बघून काहीही कळत नाही. रात्री अकराला जा.

– श्रीकांतकाका

प्रेषक: सुनंदा

विद्यार्थ्याचं राहून गेलं. करारात पोटभाडेकरूचं कलम वाच. मालकाची लेखी परवानगी हवी असते बहुतेक ठिकाणी. एजंट तोंडाने 'हो हो' म्हणेल, त्यावर जाऊ नकोस. तो विद्यार्थी करारावर सही करणार असेल तर आणखी जपून. संयुक्त जबाबदारीचा करार असला आणि एकाने भाडं थकवलं, तर मालक पूर्ण रक्कम दुसऱ्याकडे मागू शकतो.

– सु.

प्रेषक: गौरी

टेप घेऊन जाऊन आले. पहिल्या जागेत मधला बोळच ३६ फूट लांब आणि ४ फूट रुंद. म्हणजे १४४ चौरस फूट, एक अख्खी खोली नुसती ये-जा करण्यात गेली. तिसरी बेडरूम दुसरीतूनच आहे, ताईंनी बरोबर ओळखलं. वापरायच्या खोल्या जोडून पाहिल्या तर दोन्ही घरांत फरक फारसा उरत नाही. मुलांना मात्र तो बोळ भयंकर आवडला.

दुसऱ्या जागेपासून वाणसामान, दवाखाना आणि वाचनालय एकाच बाजूला आहेत, मोठा रस्ता मध्ये येत नाही. चढ आहे, पण जाताना, येताना उतार. खोली देण्याबद्दल मालकांना ईमेल टाकलंय, उत्तर यायचंय.

काका, शुक्रवारी रात्री अकराला दोन्ही इमारतींखाली जातेय. तुमचं घर तिथून जवळ ना? येता का?

– गौरी