मदत हवी आहे: संस्थेचं इंट्रानेट कोणी उघडतच नाही, नवं करताना सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेचं कार्यालय मी सांभाळते. मुख्य कार्यालय पांढरकवड्याला, फिल्डवरची माणसं घाटंजी, मारेगाव, झरी जामणी आणि राळेगाव तालुक्यांत. शेती, पाणलोट आणि बचतगट मिळून दीडशेच्या आसपास कर्मचारी. रोज संगणकासमोर बसणारे त्यातले थोडेच. बाकीच्यांकडे मोबाइल, तोही बऱ्याचदा काचेला तडा गेलेला.

आमचं इंट्रानेट (फक्त कर्मचाऱ्यांसाठीचं संस्थेचं आतलं संकेतस्थळ) आहे, म्हणजे कागदोपत्री आहे. काही वर्षांपूर्वी बाहेरून करून घेतलं. उघडलं की वर संचालकांचा संदेश, खाली फिरते फोटो (वृक्षारोपण, पाहुण्यांचा सत्कार, परत वृक्षारोपण) आणि डावीकडे मेनू: प्रशासन, मानव संसाधन, लेखा, कार्यक्रम, दस्तऐवज, इतर. प्रवासभत्त्याचा फॉर्म 'लेखा'त असेल असं कोणालाही वाटेल. तो आहे 'दस्तऐवज'मध्ये, 'नमुने' नावाच्या फोल्डरात, आणि तिथेही त्याच्या तीन आवृत्त्या. चालू कोणती, ते फक्त हिशेबाच्या टेबलावरच्या दादांना माहीत.

त्यामुळे सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. महिनाअखेर आली की "मॅडम, टीएचा फॉर्म टाका ना". टाकला की दुसऱ्या दिवशी आणखी कोणी मागतं, कारण मधल्या शुभ सकाळींखाली तो गडप झालेला असतो. परिपत्रकं तिथेच, रजेचे अर्ज तिथेच, आणि लाभार्थ्यांच्या आधार क्रमांकासकट याद्यासुद्धा तिथेच. हे शेवटचं मला फार खटकतं.

मध्यंतरी मी काही जणांच्या शेजारी बसून पाहिलं. सांगितलं एवढंच, "तुमची किती रजा शिल्लक आहे ते शोधून दाखवा." झरीकडच्या एका ताईंनी सरळ 'इतर' उघडलं. 'मानव संसाधन'वर त्यांचं बोट गेलंच नाही. एकजण फोटोंवरच दाबत राहिला, कारण स्क्रीनवर हलणारी वस्तू तेवढीच होती. आणि घाटंजीचे एक भाऊ म्हणाले, "हे धुंडत बसण्यापरीस तुमाले फोन लावला तं लवकर होते." खरं आहे त्यांचं. महिन्याच्या २५ तारखेनंतर माझा फोन हेच आमचं इंट्रानेट असतं.

आता संचालक सरांनी नवं इंट्रानेट करायचं ठरवलंय. नागपूरहून एक कंपनी येऊन सादरीकरण करून गेली: नवे रंग, मोबाइल ॲप, चॅटबॉट, कर्मचाऱ्यांचे वाढदिवस. मेनू मात्र तोच, विभागांच्या नावांचा. त्याच बंद कपाटांना नवा रंग मारण्यातला प्रकार. सरांना ते आवडलं. सर माणूस ऐकून घेणारे आहेत, पण "मला असं वाटतं" यावर ते कोटेशन थांबवणार नाहीत. त्यांच्यासमोर ठेवायला काहीतरी ठोस हवं.

मांडणी विभागांप्रमाणे नको हे मला कळतं, पण मग कशाप्रमाणे, आणि ते ठरवायचं कोणी? लॉगिनचं काय करावं? पासवर्ड कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि ओटीपी म्हटलं तर झरी भागातल्या काही गावांत रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. आणि शोधाची खिडकी. त्यात 'रजा' लिहिलं तर काहीच येत नाही, रजेचे नियम तिथे असूनसुद्धा. हे कशामुळे? जे काही करायचं ते पेरणीच्या आधी व्हायला हवं. एकदा खरीप लागला की फिल्डवाले दिवाळीपर्यंत हाती लागत नाहीत.

*प्रतिसाद १*

ताई, शेजारी बसून पाहिलंत तिथेच अर्धं काम झालं. आता तेच जरा शिस्तीत करा. कर्मचाऱ्यांची नेहमीची पाच-सहा कामं ठरवा: टीए बिल, शिल्लक रजा, पगाराची स्लिप, मासिक अहवालाचा नमुना, ताजं परिपत्रक. प्रत्येकाला तीच कामं द्या, मदत करू नका, आणि कोणाला जमलं, कोण कुठे अडकलं एवढंच लिहा. संकेतस्थळं वापरायला सोपी कशी करावीत याचे तज्ज्ञ जाकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांबरोबर चाचणी घेतली तरी सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात, आणि पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या बऱ्या, मध्ये दुरुस्ती करत. मात्र तुमच्याकडे दोन वेगळ्या जाती आहेत, टेबलवाले आणि फिल्डवाले. दोन्हींतले तीन-चार तरी घ्या. सरांना तक्ता दाखवाच, पण त्याआधी अशा एका बैठकीला त्यांनाच मागच्या खुर्चीवर बसवा. अट एकच, मधे बोलायचं नाही.

मांडणीसाठी कार्ड सॉर्टिंग करा. एकेका कागदावर एकेक गोष्ट लिहायची, 'गाडीचं पेट्रोल', 'बाळंतपणाची रजा', 'पीएफचा नंबर' अशी, आणि माणसांना म्हणायचं, लावा गठ्ठे तुमच्या मनाने आणि गठ्ठ्याला नाव द्या. यासाठी पंधराएक माणसं लागतात, पाचात भागत नाही. तालुका बैठकीच्या दिवशी चहानंतर उरकतं. गठ्ठ्यांना ते जी नावं देतील तोच तुमचा मेनू. मग नुसती ती नावं कागदावर लिहून नव्या माणसांना विचारा, टीएचा फॉर्म यातल्या कशात शोधाल? डिझाइनचा एक रुपयाही खर्च व्हायच्या आधी मेनू पास की नापास ते कळतं.

*प्रतिसाद २*

शोधाबद्दल. तुमच्या जुन्या फायली कृतिदेव या जुन्या देवनागरी फाँटमध्ये आहेत का? असतील तर उत्तर तिथेच आहे. कृतिदेव ०१० मध्ये डोळ्यांना 'रजा' दिसतं, पण फाइलच्या आत जे, टी, के ही इंग्रजी अक्षरं असतात. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत) 'रजा' लिहिता, दोन्ही कधीच जुळणार नाहीत. कृतिदेवमधून युनिकोड करणारी साधनं फुकट मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्या, गडबड तिथेच होते. फायली स्कॅन केलेल्या असतील तर त्यात अक्षरं नसतातच, नुसतं चित्र असतं. टेसरॅक्ट हे ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं साधन) मुक्त आहे आणि त्याला मराठी येते. पण दहा वर्षांचा ढीग नव्या जागी हलवू नका. चालू नियम आणि चालू फॉर्म तेवढे नव्याने टाइप करा, बाकीचं 'जुनं दप्तर' म्हणून बाजूला ठेवा.

ओटीपीचं म्हणाल तर रेंज हा एक भाग झाला. आपल्याकडे संस्थेच्या नावाने असे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या एसएमएस-नोंदणीच्या यंत्रणेत आधी नोंदणी करून संदेशाचा मजकूरही मंजूर करून घ्यावा लागतो. एवढा खटाटोप कशाला? कार्यालयात आल्यावर एकदा फोन नोंदवून द्या, पुढे सहा आकडी पिन. पगाराची स्लिप उघडताना तेवढा पुन्हा विचारा. फोन हरवला की तुमच्याकडून नोंद रद्द करता आली पाहिजे, हे मात्र कंपनीकडून लिहून घ्या.

*प्रतिसाद ३*

मी चंद्रपूरकडचा, फिल्डवालाच आहो. आमच्या हापिसानं बी असंच ॲप काढलं होतं. पह्यल्याच दिवशी फोन म्हणे जागा नाही. कोण आपले पोराचे फोटो मिटवून हापिसचं ॲप ठेवते? साधी लिंक द्या. अन् मे महिन्यात दुपारी बांधावर उभं राहून पाहा ते पान, दिसते का. फिक्या राखाडी अक्षरांत काहीच दिसून नाही राह्यत.

*प्रतिसाद २*

भाऊ बरोबर बोलले. वेबच्या सुगम्यता मानकात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५:१ सांगितलाय. उन्हातल्या वापरासाठी ७:१ धरा, म्हणजे जवळजवळ काळ्यावर पांढरं किंवा उलट. ॲपऐवजी 'सर्व्हिस वर्कर' (ब्राउझरमध्ये मागे चालणारा छोटा प्रोग्राम) असलेलं संकेतस्थळ मागा. एकदा उघडलेली पानं रेंज नसताना दिसतात, भरलेला फॉर्म फोनमध्ये थांबवून रेंज आल्यावर पाठवता येतो. त्यासाठी संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर हवं.

*धागाकर्ती*

सगळ्यांचे आभार. हो, फायली कृतिदेवच्याच! आज एक उघडून मोबाइलवर मजकूर चिकटवून पाहिला, नुसती इंग्रजी अक्षरं आली. कागदांचे गठ्ठे पुढच्या तालुका बैठकीत लावायचं ठरलंय. सरांनी मागे बसायला होकार दिलाय, गप्प बसतील का ते पाहू. आणखी एक विचारते. व्हॉट्सॲप ग्रुप बंद करावा असं काही वरिष्ठांचं म्हणणं आहे. करावा का?

*प्रतिसाद १*

मुळीच नको. बंद केलात तर दुसरा निघेल, तुम्हाला न घेता. ग्रुप राहू द्या, पण त्यात फाइल टाकायची नाही, त्या पानाची लिंक टाकायची. कोणी टीएचा फॉर्म मागितला की उत्तरात तीच लिंक, दर वेळी. प्रत्येक पानाखाली ते कोण सांभाळतं आणि शेवटचं कधी तपासलं हे लिहा, नाहीतर वर्षभरात परत तीन आवृत्त्या होतील. आधारच्या याद्या मात्र ग्रुपवर आजपासूनच थांबवा, नव्या इंट्रानेटची वाट पाहू नका. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संस्थांनाही सोडत नाही.

आणि कोटेशनबद्दल: रंग आणि चॅटबॉटवर कंपनीशी वाद घालू नका. करारात एक ओळ घाला, की शेवटचा हप्ता फिल्डवरच्या ठरावीक माणसांनी ती पाच-सहा कामं स्वतःच्या मोबाइलवर, कोणाला न विचारता करून दाखवल्यावरच मिळेल. मेनू बदलायचं मग ते स्वतःहून सुचवतील.