मदत हवी आहे: पश्चिमेच्या कुंपणाला बारमाही हिरवी झुडपं कोणती लावू?

सोलापुरात घराच्या पश्चिमेला तारेचं कुंपण आहे. तिथे साधारण 25 फूट लांब, 2 फूट रुंद वाफा आहे. माती काळी, पावसाळ्यात पाणी साचतं. उन्हाळ्यात दुपारपासून मावळतीपर्यंत थेट ऊन, पाणी दोन दिवसांआड. बारा महिने पानं टिकतील, 5-6 फूट उंच दाट आडोसा होईल असं झुडूप हवंय.

जास्वंद लावून पाहिली. पिठ्या ढेकणानं शेंडे आकसले, निंबोळी अर्कानंही हटला नाही. ड्युरांटा वर छान फुटतो, पण बुडाशी नुसत्या काड्या उरतात आणि आरपार दिसतं. कण्हेर इथे उत्तम येते, पण विषारी आहे आणि घरात लहान मूल आहे, त्यामुळे ती नकोच.

आता कामिनी की अडुळसा, इथे अडलंय. कामिनीचा वास मला फार आवडतो, पण ती लिंबाच्याच कुळातली, सिट्रस सायला (लिंबाचा रस शोषणारा किडा) तिच्यावरही वाढतो, आणि माझं कागदी लिंबू वाफ्यापासून जेमतेम दहा फुटांवर आहे. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, हे आमच्या गल्लीत मोठंच सुख! पण छाटून तो बुडापासून दाट राहतो का?

काळ्या मातीत यातलं कोणी वाढवलंय का? दोन रोपांत अंतर किती ठेवलंत?