आंजर्ल्याचे रोजचे रूप कॅमेऱ्यात कसे टिपावे?

गोदाकाठ_आंजर्ले (नाशिक)

सप्रेम नमस्कार. मी नोकरीनिमित्त नाशिकला गंगापूर रोडला राहतो. मूळ गाव दापोली तालुक्यातील आंजर्ले. मार्गशीर्षात आठवडाभर गावी जाण्याचा योग आहे आणि या खेपेस छायाचित्रणासाठी निवांत वेळ काढायचे ठरवले आहे. कड्यावरच्या गणपतीच्या परिसरातून दिसणारा सुवर्णदुर्ग, हर्णै बंदरातल्या होड्या आणि समुद्रात बुडणारा सूर्य यांची उत्तम छायाचित्रे असंख्य लोकांनी काढलेली आहेत. मला ओढ आहे ती गावातल्या माणसाच्या नजरेखालून दिवसातून अनेकदा जाणाऱ्या गोष्टींची: आगरातल्या (नारळी-पोफळीच्या बागेतल्या) पाटाने सुपारीच्या बुंध्याशी पोहोचणारे पाणी, जांभ्याच्या पाखाडीच्या झिजलेल्या पायऱ्या, खळ्यात वाळत घातलेली सुपारी, पावसाळा संपल्यावर पडवीत टांगून ठेवलेले इरले (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचे पानांचे आच्छादन). असल्या गोष्टींचे फोटो कुणी काढावेत याचेच आमच्या काकूंना नवल वाटते. लहानपणापासूनच्या सवयीमुळे माझी नजरही त्यांवर फार वेळ ठरत नाही.

इतक्या ओळखीच्या जागेतले सौंदर्य पुन्हा जाणवावे यासाठी आपण काय करता? माझ्याकडे जुना डीएसएलआर, ५० मिमीची एक लेन्स आणि फोन आहे. हर्णैच्या संध्याकाळच्या मासळी लिलावातही छायाचित्रे काढायची इच्छा आहे, पण कामात असलेल्या माणसांसमोर कॅमेरा धरताना संकोच वाटतो.

पंचवटीकर

माझ्या अनुभवात जागा तीच ठेवून वेळ बदलली की ओळखीची जागाही नव्याने दिसू लागते, आणि किनाऱ्यावरच्या गावात ही वेळ घड्याळापेक्षा सूर्य आणि भरती-ओहोटी ठरवतात. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे हे सूर्यास्ताच्या ओढीने सर्वांच्या लक्षात राहते. त्यामुळेच सकाळचा सूर्य मात्र गावामागच्या डोंगराआडून वर येतो आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, ऊन उशिरा उतरते. तोवर पुळण सावलीत असते, आकाशाचा मऊ उजेड सगळीकडे सारखा पसरलेला असतो आणि दूरच्या पाण्यावर तेवढे ऊन आलेले असते. या उजेडात वाळूवरची बारीकशी रेघही दिसते. सूर्यास्तासाठी गर्दी करणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक या वेळी किनाऱ्यावर येतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

ओहोटीच्या वेळेसाठी घरातले पंचांग पुरेसे आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा हिशेब तुमच्या गावातल्या जाणत्या माणसांना पाठ असेल. चतुर्थीला पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती असते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावर द्वितीया-तृतीयेला दुपारी दीड ते सव्वादोनच्या दरम्यान भरती आणि सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास ओहोटी येईल. हे दिवस उधाणाचे असल्याने पाणी पुष्कळ मागे हटते आणि पुळण रुंद होते. नेमक्या वेळा भरतीच्या तक्त्यात एकदा पडताळून घ्याव्यात, परंतु आठवड्यातला कोणता दिवस किनाऱ्यासाठी आणि कोणता आगरासाठी राखायचा हे या हिशेबाने नाशिकला बसूनही ठरवता येईल.

अशा सकाळी ओल्या वाळूवर उकिडवे बसून राहा. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडाशी नेऊन तिच्यातले खाण्याजोगे कण वेगळे करतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीपेक्षा थोडी मोठी गोळी करून मागे टाकतात. बिळापासून बाहेरच्या दिशेने सरकत हे काम चालते, त्यामुळे प्रत्येक बिळाभोवती किरणांसारख्या रेषा उमटतात आणि तासाभरात सगळी पुळण ठिपक्यांच्या रांगोळीने भरून जाते. पावलांच्या हादऱ्याने खेकडे बिळात शिरतात. तुम्ही हलला नाहीत तर थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येतात. पुढच्या भरतीला रांगोळी पुसली जाते आणि त्यानंतरच्या ओहोटीला नव्याने सुरू होते. तुमच्या प्रश्नाला एवढे चपखल उदाहरण मला तरी दुसरे सुचत नाही.

तांत्रिक सूचना एकच. उजळ वाळू आणि चमकते पाणी यांनी चौकट भरली की कॅमेरा तो उजेड मध्यम करड्या छटेकडे ओढतो आणि छायाचित्र काळपट येते. अशा वेळी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) पाऊण ते एक स्टॉप वाढवावे; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. जांभ्याच्या गडद भिंतींच्या बाबतीत उलटे घडते, तिथे ते थोडे कमी करावे.

जुना_वाडा

पंचवटीकरांचे विवेचन आवडले. सुवर्णदुर्ग आणि होड्या बाजूला ठेवण्याच्या कल्पनेशी मात्र मी सहमत नाही. पर्यटकासाठी तो किल्ला हे दृश्य असेल, पण हर्णैच्या माणसाला तो दात घासताना, कपडे वाळत घालताना, जाळे विणताना समोर दिसत असतो. दोरीवरच्या साड्यांमधून लहानसा दिसणारा किल्ला हे तुमच्याच विषयाचे छायाचित्र आहे. आम्ही नाशिककरही रामकुंड प्रसिद्ध आहे म्हणून टाळत नाही. तिथे पहाटे पायऱ्या झाडणारी माणसे आणि फुलांच्या टोपल्या मांडणाऱ्या बायका पाहायला जातो.

बुधवारचा_बाजार

लिलावातल्या संकोचाविषयी लिहितो, कारण गोदाघाटावर बुधवारी भरणाऱ्या बाजारात मी बराच काळ छायाचित्रे काढत आलो आहे. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. लिलाव कुठे सुरू होतो, बोली कोण पुकारते, पाट्या कोणत्या वाटेने उचलल्या जातात, हे आधी समजून घ्यावे, म्हणजे कुणाच्या वाटेत न येता उभे कुठे राहायचे ते कळते. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निसरड्यातून चालणाऱ्या बाईला फोटोसाठी थांबवणे किंवा तिला बाजूने जायला लावणे कदापि योग्य नाही. ओळख झाली की थेट विचारावे, "मावशी, एक फोटो काढू का?" नको म्हटले तर विषय तिथेच संपवावा. तुम्ही आंजर्ल्याचे, अमक्यांच्या घरातले, हे सांगितलेत की बोलणे सोपे होईल. बाहेरून येणाऱ्या छायाचित्रकाराला ही सोय नसते. पुढच्या खेपेस छापील फोटो नेऊन त्यांच्या हातात द्यावेत. पडद्यावर दाखवलेल्या फोटोपेक्षा घरात लावता येणाऱ्या फोटोचे अप्रूप अजूनही फार मोठे आहे.

नजर न ठरण्याबद्दल त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण द्यावीशी वाटते. पहिला कथापट हाती घेण्यापूर्वी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यासमोर दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपली आणि पडद्यावर सलग दाखवली. ते छायाचित्रणाच्या व्यवसायातून आलेले होते आणि त्यांनी निवडलेला विषय कुणाच्याही परसात सापडेल असा होता. तुमच्या खळ्यातली सुपारी ओल्या केशरी रंगापासून सुकेपर्यंत रोज एकाच कोनातून, एकाच वेळी टिपता येईल. आठवड्यात सगळी वाळणार नाही, पण रंग उतरताना निश्चित दिसेल, आणि तुम्ही परतल्यावर काकूंच्या घरातले कुणीतरी फोनवर तो क्रम पुढे चालू ठेवू शकेल.

लेन्सवाला

उपकरणांपुरते थोडक्यात सांगतो. पुळणीवर लेन्स काढू नये. खारा वारा काचेवर बारीक थर धरतो, तो कोरड्या फडक्याने घासल्यास चरे पडतात. आधी फुंकणीने वाळू उडवून मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पुसावे. संध्याकाळी कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रतिमा टिपणारा भाग) लहान असेल तर चौकटीत कमी दृश्य मावते, म्हणून पडवीसारख्या अरुंद जागी ५० मिमीला मागे सरकायला वाव मिळणार नाही, तिथे खुशाल फोन वापरावा.

गोदाकाठ_आंजर्ले (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंचांग काढून तिथ्या पाहिल्या, आठवड्याच्या सुरुवातीलाच तृतीया येते आहे. सुपारीचा क्रम पुढे चालवण्याचे पुतणीने फोनवरच कबूल केले. जुना_वाडा यांचे म्हणणेही पटले. आमच्या मागीलदारी किल्ला दिसत नसला तरी खाडी दिसते, तिला आता चौकटीतून वगळणार नाही. एक शंका राहते. आगरात दुपारी कवडसे फार सुंदर पडतात, परंतु कॅमेऱ्यात ते पांढरे फटक येतात आणि बाकीचा भाग काळा पडतो. त्यावर उपाय आहे का?

पंचवटीकर

उपाय आहे. कवडसा नीट पाहिलात तर पानांमधली फट वेडीवाकडी असूनही जमिनीवरचा ठिपका गोल किंवा लंबगोल पडतो, कारण लहान फटीतून पडलेली ती सूर्याचीच प्रतिमा असते. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे दिसतात. भिंगाशिवायच्या सूचिछिद्र कॅमेऱ्याचे तत्त्व नेमके हेच आहे. म्हणून एक्स्पोजर कवडशावर बेतावे, सावल्या गडद राहू द्याव्यात आणि रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोतून) नंतर हव्या तेवढ्याच उजळाव्यात. फोनवर कवडशाला बोटाने स्पर्श करून उजेडाची पट्टी खाली ओढावी. कवडसा मातीपेक्षा पाटाच्या वाहत्या पाण्यावर किंवा सारवलेल्या जमिनीवर पडेल अशी जागा शोधा; दुपारी अकराच्या आसपास सुरुवात केलीत तर तो एका सुपारीच्या बुंध्याकडून दुसऱ्याकडे सरकतानाही टिपता येईल.